चाळीस हजारांचा पट्टा

आमच्या गाडीचे दोन लाख अठरा हजार किलोमीटर झाले, तेव्हा तिचा टायमिंग बेल्ट बदलणं भाग होतं. हा रबरी पट्टा इंजिनातल्या भागांचा मेळ राखतो. तुटण्याआधी तो सूचना देत नाही, आणि तुटला की इंजिन गेलंच. गाडी रस्त्यात बंद पडलेली मला चालणार नव्हती. आठवड्यातून तीनदा मी बायकोला डायलिसिससाठी रोह्याहून पेणला नेत होतो. रोह्यात तिला मशीनवर जागा मिळाली नव्हती. आगगाडीच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि मशीनवरून उठल्यावर स्टेशनचा जिना चढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

पेणच्या बाहेर एका मिस्त्रीकडे मी बरीच वर्षं गाडी देतो. तो आधी कुवेतला होता. गणपती दीड महिन्यावर आले होते आणि त्याच्या दारात जोहे गावातून गणपतीच्या मूर्ती नेणारे टेम्पो ओळीने उभे होते.

"गणपती उठंपरेंत हात रिकामा नाय दादा," तो म्हणाला. मग विचारलं, "भाभी मशीनवर किती वेळ असतात?"

"चार तास."

"मंग तेवढ्यात बसवतो. टेम्पोवाले शिव्या घालतील, घालू देत."

शनिवारी बायकोला सोडून मी गाडी त्याच्याकडे लावली. त्याने पुढचं चाक काढलं, इंजिनाखाली जॅक दिला, कव्हर खोललं. जुन्या पट्ट्याच्या पाठीवर बारीक भेगा होत्या. नवा पट्टा पनवेलहून यायचा होता आणि तो आणणारा माणूस वाटेत कोंडीत अडकला. मी रिक्षाने जाऊन बायकोला घेऊन आलो तरी गाडी उघडीच होती. मिस्त्रीने तिच्यासाठी पंख्यासमोर खुर्ची मांडली. हातावरची पट्टी पदराखाली झाकून ती बसली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं होतं. तिचं हृदय आता हे सोसत नाही, मशीनवर रक्तदाब खाली जातो, वर्ष निघालं तरी पुष्कळ, असं ते म्हणाले. मी एकच विचारलं, दुसरं काही करता येईल का? ते नाही म्हणाले. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, एक गोळी बदललीय. तिने मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

पट्टा आणणारा माणूस आला. पनवेलच्या दुकानदाराने दोन पाठवले होते. मिस्त्रीने दोन्ही खोके माझ्यासमोर धरले.

"हा कंपनीचा, ऐंशी हजार बिनघोर चालंल. हा लोकल. चाळीसच्या पुढं मी हमी घेनार नाय. सांगा."

मी कुठलीही वस्तू नुसत्या किमतीवर घेत नाही. किमतीला तिच्या आयुष्याने भागतो आणि जी वर्षाला स्वस्त पडते ती घेतो. घरावरचे पत्रे, पंखे, पाण्याची टाकी, चपला, सगळं असंच घेतलेलं आहे. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा मलाही भागून बघितलं असणार." त्या हिशोबाने कंपनीचाच पट्टा घ्यायला हवा होता. दुप्पट आयुष्य होतं आणि किंमत दुप्पट नव्हती.

पण भागाकार माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, आठवड्याला तीन फेऱ्या, वर्षाला साडेबारा हजार. याखेरीज गाडी कुठे जात नव्हती. पुढेही जाणार नव्हती.

"लोकल टाक," मी म्हणालो. "तेवढा पुरे."

मिस्त्री हसला. "दादा, तुमी आनि लोकल? भाभी, यांची तब्येत बरी हाय ना?"

बायको हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी काय बोललो ते मला तेव्हा कळलं. आता कंपनीचा टाक म्हणावं, तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

पट्टा चढला. मिस्त्रीने पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, खुणा जुळल्या का ते वाकून बघितलं, मग चावी मारली. इंजिन चांगलं चाललं.

घरी येताना वडखळच्या कोंडीत आम्हीही अडकलो. पुढे टँकर, मागे टँकर. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "अहो, डॉक्टर किती म्हणाले?"

"कशाचं?"

"चाळीस हजार तरी म्हणाले का?"

खोटं बोलायला एखादा आकडा सुचावा म्हणून मी थांबलो. सुचला नाही.

"नाही," मी म्हणालो.

"निम्मं?"

"त्याहून कमी."

पुढचा टँकर हलला, मी गिअर टाकला, दोन गाड्यांइतकं पुढे गेलो, पुन्हा थांबलो.

"पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. तुम्ही सांगायला बसलात तर किलोमीटर सांगाल." तिने पर्समधून फोन काढला. पट्टी बांधलेल्या हातात जोर नव्हता, म्हणून मी तो धरून नंबर लावून दिला.

आमची मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे. गणपती सासरी आणि दिवाळी आमच्याकडे, असं लग्नापासून ठरलेलं. सासरचा गणपती सोडून माहेरी येणं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. बायकोने आधी नातवाचा ताप विचारला. मग म्हणाली, "अगो, यंदा गणपतीलाच ये. दिवाळीवर ठेवू नको."

पलीकडून मुलगी काहीतरी मोठ्याने बोलली. मला फक्त सासूबाई एवढा शब्द ऐकू आला.

"त्यांना मी सांगते," बायको म्हणाली. "दे त्यांच्याकडे फोन."

मागच्या टँकरने हॉर्न दिला. रस्ता मोकळा झाला होता. ती विहीणबाईंना नमस्कार म्हणाली, आणि मी गाडी पुढे घेतली.