मिरोफोराचा भाऊ

निकोसियाच्या जुन्या शहरात, ग्रीक आणि तुर्की बाजू वेगळ्या करणाऱ्या तपासणी नाक्यापासून चार दुकानं अलीकडे मिरोफोराचं शिवणाचं दुकान आहे. शेजारी माझं, बटणांचं आणि लेसचं. तीस वर्षांत आमच्यात लपवाछपवी राहिलेली नाही. मिरोफोरा उंच, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. माप द्यायला आलेल्या नवरीला ती दरडावायची, "पोट आत ओढून उभी राहू नकोस गं! लग्नात दिवसभर श्वास घ्यायचाय तुला."

पण भावाचा विषय निघाला की हीच बाई आवाज खाली आणून बोलायची.

पाफोसच्या वरच्या डोंगरात तिचं गाव. अर्धं ग्रीकांचं, अर्धं तुर्कांचं. मोठा भाऊ पिएरिस गावची बस चालवायचा. चौऱ्याहत्तर साली तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं, त्या ऑगस्टमध्ये पिएरिस नाहीसा झाला. तो चोवीस वर्षांचा होता, मिरोफोरा तेरा. त्याच सुमाराला आघाडीवर गेलेला त्याचा जिवलग मित्र प्रोद्रोमोस महिन्याभराने परत आला आणि आईसमोर गुडघ्यांवर बसून म्हणाला, "केरिनियाच्या रस्त्यावर तुर्की सैनिकांनी त्याला धरलं, काकू. मी डोळ्यांनी पाहिलं. जिवंत होता."

त्या 'जिवंत होता'वर आई चोवीस वर्षं जगली. काळे कपडे घालून, छातीशी पोराचा फोटो धरून नाक्यावर उभी राहायची. पलीकडून कुणी तुर्क दिसला की थुंकायची. गेली त्या दिवशीही तिने दाराला कडी लावू दिली नाही.

प्रोद्रोमोसने त्या घराला कधी अंतर दिलं नाही. ऑलिव्ह उतरवायला तो, छप्पर शाकारायला तो. मिरोफोराच्या लग्नात भावाच्या जागी तोच उभा राहिला. तिला मुलगा झाला तेव्हा धर्मपिताही तोच झाला, आणि नाव काय ठेवायचं असं पाद्रीबाबांनी विचारल्यावर त्यानेच मोठ्याने सांगितलं, "पिएरिस!" आई हुंदके देऊन रडली. तेव्हापासून मिरोफोरा त्याला 'कुंबारे' म्हणायची. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं.

दोन हजार तीन साली इकडून तिकडे जायला नाके उघडले, आणि पहिल्याच महिन्यात विचारत विचारत झालिहे दुकानात आली. गावातली तुर्की शेजारीण, लढाईनंतर पलीकडे गेलेली. मिरोफोरापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून ती तिला तुर्कीत 'आबला', म्हणजे ताई, म्हणायची. आल्याआल्या तिने मिरोफोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिरोफोराच म्हणाली, "झालिहे आबला, तिकडच्या तुरुंगांत कुणाची ओळख आहे का गं तुझी? पिएरिसला केरिनियाला धरलं होतं. प्रोद्रोमोसने पाहिलंय."

झालिहेने तोंड मिटलं. पाणी मागितलं. हे मी पाहिलं होतं, पण बाई उन्हातून आलीय असं मला वाटलं.

पुढे चौदा वर्षं ती दर गुरुवारी यायची. कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा आणायची, गावच्या ग्रीक बोलीत गप्पा मारायची. आमची पोरं ज्या भाषेत बोलतात त्याहून तिचं ग्रीक अस्सल.

या चौदा वर्षांत दोन्हीकडचे पुढारी बेट पुन्हा एक करायची बोलणी करायला किती वेळा बसले आणि उठले, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी मिरोफोराच्या आशेला पालवी फुटायची. "सह्या झाल्या की सगळी दारं उघडतील बघ. कोण कुठे आहे ते सांगावंच लागेल त्यांना." दोन हजार सतराच्या जुलैत स्वित्झर्लंडच्या डोंगरात बैठक बसली, तेव्हा तिने दुकानातला रेडिओ दहा दिवस बंद केला नाही. या खेपेला होणारच, असं जो तो म्हणत होता.

शुक्रवारी सकाळी बातमी आली की बोलणी फिसकटली. पुढची तारीखही ठरली नाही. गल्लीत कुणी मोठ्याने बोलेना. समोरचा कॉफीवाला हांबिस तेवढा म्हणाला, "डोंगरावर गेलेच होते तर बर्फ तरी बघून आले असते मेले!" मिरोफोराने रेडिओ बंद केला आणि मशीनवर बसली.

साडेदहाच्या सुमाराला झालिहे आली. गुरुवार नव्हता, हातात बरणी नव्हती. मी लेस मोजत तिथेच उभी होते.

"मशीन थांबव, पोरी," ती म्हणाली.

"कळलं मला आबला. रेडिओवर ऐकलं."

"ते नाही. थांबव."

मग ती खुर्चीवर बसली आणि एका दमात बोलली. त्या ऑगस्टमध्ये गावातली बंदूकवाली ग्रीक पोरं तुर्की पुरुषांना उचलणार होती. पिएरिसला सुगावा लागला. उजाडता उजाडता त्याने अकरा जणांना बसमध्ये घातलं आणि डोंगरापलीकडे नेऊन सोडलं. त्यांत झालिहेचा नवरा होता. पिएरिस रिकामी बस घेऊन परतला, तेव्हा शेंगांच्या वखारीपाशी तिघांनी त्याला अडवलं. झालिहे तान्हं मूल घेऊन वखारीत लपली होती. फळीच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं.

"खाली उतरवला. तो हसत होता गं, आपलीच माणसं म्हणून. गोळी घातली. मागच्या कोरड्या विहिरीत टाकला आणि वर दगड लोटले."

"कुणी?" मिरोफोराने विचारलं.

"दोघं मेले आता."

"तिसरा?"

झालिहेने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "प्रोद्रोमोस."

टाचणीची उशी उचलून मिरोफोरा एकेक टाचणी काढायला आणि परत खोचायला लागली. मग तिने विचारलं, "चौदा वर्षं मुरंबा आणलास तू मला?"

"पहिल्या दिवशी सांगायलाच आले होते. तू त्याचंच नाव घेतलंस. माझा जावई म्हणाला, तू त्यांच्या माणसावर बोट ठेवलंस तर तुर्कांनी रचलेली गोष्ट म्हणतील, तुला नाक्यावरून आत घेणार नाहीत. समझोता होऊ दे, मग सांग. मी समझोत्याची वाट बघत राहिले. आज सकाळी कळलं की तो माझ्या हयातीत होत नाही."

"जा तू," मिरोफोरा म्हणाली. "आत्ता जा."

झालिहे भिंतीचा आधार घेत गेली. मिरोफोराने माझ्याकडे वळून विचारलं, "गाडी आहे ना तुझी?"

दोन तासांनी आम्ही तिच्या गावात पोचलो. प्रोद्रोमोस अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली घेवडा सोलत बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा. आम्हाला पाहून त्याने आत हाक मारली, "अगं, कॉफी टाक, मिरोफोरा आलीय!"

मिरोफोरा बसली नाही. "शेंगांच्या वखारीमागे विहीर आहे ना, कुंबारे?"

त्याचे हात घेवड्यात तसेच राहिले. खोटं आहे, असं तो म्हणाला नाही. कसली विहीर, असंही नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "झालिहे अजून जिवंत आहे?"

इतका वेळ माझ्या मनात कुठेतरी होतं की म्हातारीची काहीतरी गफलत झाली असेल.

"म्हणजे ती वखारीत होती, हे तुला ठाऊक होतं?"

"मूल रडलेलं ऐकलं होतं. बाकीच्या दोघांना बोललो नाही." जणू ही जमेची बाजू, अशा सुरात तो म्हणाला. "आम्ही पोरं होतो, मिरोफोरा. डोकं फिरलेलं होतं. त्याने शत्रूला पळवलं असं वाटलं."

"आणि माझ्या आईला 'जिवंत होता' म्हणालास?"

"तिचं तोंड बघवेना. निघून गेलं तोंडातून. मग मागे घेता येईना. सांगणार होतो मी. समझोता झाला, सगळ्यांना माफी मिळाली, की सांगणार होतो. देवाशपथ."

"माझ्या पोराला त्याचं नाव दिलंस. बाप्तिस्म्याच्या पाण्यात धरलंस त्याला. हात थरथरले नाहीत तुझे. मी बघत होते."

कॉफीचा ट्रे घेऊन त्याची बायको दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे तिने सावकाश उंबऱ्यावर ठेवला आणि डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला.

परतताना मिरोफोराने रस्त्याकडेला गाडी थांबवायला लावली. मग मेलबर्नला मुलाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. तिकडून एवढंच ऐकू आलं, "आई, मग आता मला काय हाक मारणार तू?"

"पिएरिसच," ती म्हणाली. "नाव माझ्या भावाचं आहे. त्या प्रोद्रोमोसच्या बापाचं नाही."

बेपत्तांचा शोध घेणाऱ्या समितीकडे तिने स्वतः अर्ज दिला. प्रोद्रोमोसनेही जबानी दिली आणि विहिरीची जागा दाखवली. तिथे दिलेली जबानी खटल्याला वापरत नाहीत, त्यामुळे त्याला कुणी धरून नेलं नाही. बायको मात्र त्याच आठवड्यात बहिणीकडे निघून गेली. खोदायला सव्वा वर्ष लागलं. हाडं निघाली, मिरोफोराच्या रक्ताशी तपासणी जुळली.

दफनाच्या आदल्या आठवड्यात मिरोफोरा पहिल्यांदा नाका ओलांडून पलीकडे गेली आणि झालिहेचं दार वाजवलं. आत काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलेलं नाही. दफनाला मात्र झालिहे आली, चव्वेचाळीसेक वर्षांनी आपल्या गावात. बरोबर बसमधल्या अकरांपैकी एक जण होता, ऐंशीच्या घरातला. गावचे काही लोक त्यांना बघून चर्चमधून उठून गेले. कुणीतरी पेटीवर झेंडा पसरायला आणला होता. मिरोफोराने तो घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"सैनिक नव्हता तो," ती म्हणाली. "बस चालवायचा."

पेटी लहान मुलाची असावी एवढीच होती. ती उचलायला चौघे पुढे आले, तेव्हा तो म्हातारा तुर्क काठी टाकून पाचवा उभा राहिला, आणि त्याला कुणी बाजूला केलं नाही.