गुरप्पांनी न बसवलेली केबल

गुरप्पा आमच्या गल्लीत राहतात. वीस वर्षं ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी सोलापुरातल्या जिममधली मशीन दुरुस्त करायला घेतली. माणूस संशयी. नवीकोरी केबलसुद्धा आधी बोटांतून फिरवून बघणार, मगच बसवणार.

गेल्या जानेवारीत त्यांच्या घरी एका जिममालकाच्या वकिलाची नोटीस आली. त्याच्या जिममध्ये, दांडा वरून खाली ओढायचं मशीन असतं ना, त्याची केबल तुटली आणि दांडा अभिमन्यू नावाच्या मेंबरच्या मानेवर आदळला. त्याचा उजवा हात वर जाईना. त्यानं भरपाई मागितली, तर जिमच्या मालकाचं म्हणणं असं, की डिसेंबरात केबल गुरप्पांनी बदलली, तेव्हा जबाबदारी त्यांची.

गुरप्पा तडक जिममध्ये गेले.

"तुटलेली केबल दाखवा."

"भंगारात गेली," मालक सयाजी म्हणाला.

"एवढ्यात?"

 सयाजीनं एक रजिस्टर पुढं सरकवलं. "हितं सही करा. दर महिन्याला मशीन तपासलं, एवढंच लिवलंय. मग आमचे वकील तुमाला सांभाळून घेतील."

पहिली नोंद ऑगस्टची होती, पण रजिस्टर करकरीत नवं, आणि सगळ्या नोंदी एकाच पेनाच्या. गुरप्पा सही न करता उठले.

अभिमन्यू चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. गुरप्पा त्याच्या घरी गेले तेव्हा दार त्याची बायको अपेक्षानं अर्धंच उघडलं.

"मालकानं पाठवलं का तुमाला?"

"न्हाय ताई. मलाबी नोटीस आलीय."

बऱ्याच वेळानं तिनं आत घेतलं. अपघाताच्या दिवशी निरोप मिळताच ती जिममध्ये पोचली होती. नवरा फरशीवर कण्हत होता आणि सयाजी झाडूवाल्याला सांगत होता, आधी ती केबल उचल. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. तुटलेला मोठा तुकडा तिनं पर्समध्ये कोंबला होता.

आता तो तिनं पिशवीतून काढला. "लांबनंच बघा. हात लावू नका."

गुरप्पा वाकले. केबल हलक्या प्रतीची, आणि टोकाला साधी क्लिप होती, नट आवळलेली. "मी तांब्याची नळी दाबून बसवतो. ही केबल माझी न्हाय."

"तुमी हेच म्हणणार की."

डिसेंबरात केबल बसवून झाल्यावर सयाजीला पाठवलेला फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. अपेक्षानं तारीख बघितली, टोक बघितलं, परत तारीख बघितली.

"मग तुमची चूक काहीच न्हाय?"

गुरप्पांनी टेबलाकडं बघितलं. तिथं तिचा फोन पालथा ठेवलेला होता. "रेकॉर्डिंग चालू हाय?"

"व्हय."

ते उठले. दारापर्यंत गेले, आणि माघारी येऊन बसले.

"मशीनची पुली झिजली व्हती. काठ असा धारदार झालेला, की कुठलीबी केबल कापली गेली असती. मशीन बंद ठेवा म्हणून मी सयाजीला सांगितलं. पण तोंडी. लिहून न्हाय दिलं."

"हे वकिलासमोर सांगाल?"

"सांगीन."

त्यांनी सांगितलं, पुलीसकट सगळं. रजिस्टरच्या मागाहून घातलेल्या तारखांचं नाव निघताच सयाजीचे वकील तडजोडीवर आले. अभिमन्यूच्या उपचाराचा खर्च मालकानं उचलला, गुरप्पांवरची नोटीस मागं घेतली. हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही.

तीन जिमवाल्यांनी गुरप्पांना बोलावणं बंद केलं. बाकीच्या ठिकाणी ते आता दिसलेला दोष कागदावर लिहितात, मालकाची सही घेतात आणि मगच पान्याला हात लावतात. काही जण चिडतात.

गुरप्पांची केबल कुणी बदलली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सयाजी आपण नाही म्हणाला. गुरप्पांचा त्याच्यावर विश्वास नाही. पण परवा ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "पुली चांगली असती, तर ती हलकी केबल टिकली असती का हो?"