पलंगावरचा हूक

इथे आखातात, गाला नावाच्या भागातल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी एकोणीस वर्षं क्रेनवर माल चढवला-उतरवला, तिथे आता हॉटेल झालं आहे. लोक तिथे हौसेने राहतात म्हणे. मला काडीची हौस नव्हती. पण एका खोलीची सजावट आमच्या मुलीने केली होती, इंटिरियरच्या नोकरीतलं तिचं एकटीचं पहिलं काम. संध्याकाळी हॉटेलचे मालक खोली बघायला येणार होते, आणि आई-बाबांनी आधी राहून बघावं असा तिचा हट्ट होता. म्हणून माबेल्यातल्या आमच्या घरून बॅग घेऊन दुपारी पोहोचलो.

बायको आल्या आल्या पलंगावर आडवी झाली. मी बॅग ठेवून वर बघितलं.

तिच्या बरोबर डोक्यावर, जुन्या गर्डरला एक हूक होता आणि त्याला मशिनच्या लोखंडी चाकाचा केलेला भलामोठा दिवा टांगला होता. हूक घासून चकचकीत केलेला. तरी त्याच्या मानेवरचे पंचने मारलेले दोन ठिपके मी ओळखले, कारण ते मीच मारले होते. ठिपक्यांच्या मधे केसाएवढी भेग होती, ती त्यांच्या पुढे वाढते का ते कळावं म्हणून ही खूण. ती वाढली, तेव्हा मी हूक लाल रंगवून बाद केला. आमच्या कामात बाद हुकाचे गॅस कटरने दोन तुकडे करायचे असतात, नाहीतर कोणीतरी तो उचलतो आणि पुन्हा लावतो. नव्या माणसांना हे मीच शिकवायचो.

बायकोला ऊठ म्हटलं, तर ती म्हणाली, तुम्हाला कुठलं हॉटेल कधी धड वाटलंय? मी तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. चिडली, पण बसली.

मुलगी यायला तासभर होता. एसी सुरू झाला की दिवा किंचित हलायचा आणि मी हुकाच्या मानेकडे बघायचो. आज काही बोलू नये, असं मनात येत होतं. मालक येऊन बघून जाऊ देत, पोरीचं कौतुक होऊ दे, उद्या हळूच सांगू. इतके दिवस टिकलाय, एक संध्याकाळ टिकेल. सांगायला लाज वाटते, पण तो तासभर मी हाच हिशेब करत होतो.

ती आली ती हसतच. दिवा कसा वाटला, म्हणून विचारलं. मग मात्र मला राहवलं नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिने वाद घातला नाही. हूक शेडच्या मागच्या भंगारात मिळाला होता, रंग कामगारांनी काढला, असं म्हणाली. "बाबांनी हात लावलेलं काहीतरी हवं होतं मला," हे ती आईकडे बघून बोलली. मग तिने दिवा उतरवायला माणसं बोलावली, आणि आज खोली दाखवता येणार नाही, असं मालकांना फोनवर इंग्रजीत सांगितलं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"बाबा, मग तेव्हाच कट का नाही केला?"

गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी आठवड्याची सुट्टी, सगळ्यांना घरी जायचं होतं. कटरचा गॅस सिलिंडर संपला होता. नंतर बघू, इन्शाल्ला, असं अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा मालक, म्हणाला होता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"कंटाळा केला," मी म्हणालो.