न विचारलेलं गिऱ्हाईक

पार्लरवाल्या ताईंच्या हाताला जेवढी शिस्त होती, तेवढी जिभेला नव्हती. दोऱ्याचं टोक दातांत असलं तरी त्यांचं बोलणं चालूच. समोरचं गिऱ्हाईक वरचा ओठ ताणून, डोळ्यांत पाणी आणून बसलेलं, त्यामुळे उलट उत्तराची सोयच नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ताईंकडे भुवया कोरून मिळतात आणि व्याख्यान फुकट.

घराची पुढची खोली म्हणजे पार्लर. एक उंच खुर्ची, भिंतभर आरसा, खिडकीला जाड पडदा आणि मेणाच्या तापल्या भांड्याने एका कडेला जळलेला गुलाबी टॉवेल. हा टॉवेल टाकून द्यायचं ताई रोज ठरवत आणि रोज तोच कुणाच्या तरी गळ्याभोवती बांधत. बायका भुवयांना येत, कडेवरची पोरं केस कापायला. नवरा ट्रक घेऊन सदा बाहेरगावी, त्यामुळे घर, धंदा आणि आठवीतली लेक हे सगळं ताईंच्याच अंगावर. आपण ते एकटीने निभावतो याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

त्यांचा एक नेम होता. काम झालं की त्या गिऱ्हाइकाच्या मागे हातातला आरसा धरत आणि विचारत, फोटो काढू का? काढू दिला की पुन्हा विचारत, पेजवर टाकू का? दोन प्रश्न वेगळे, दोन होकार वेगळे. हे शहाणपण ठेच लागून आलेलं. पूर्वी एका सुनेचा फेशियलनंतरचा फोटो त्यांनी कौतुकाने टाकला, आणि ती बिचारी घरी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून आली होती. सासूने पेज पाहिलं. मग सासू-सून दोघी मिळून ताईंशी भांडायला आल्या. त्या दोघींची एकी गल्लीने तेव्हाच काय ती पाहिली. तेव्हापासून विचारल्याशिवाय एकही चेहरा पेजवर जात नाही, असं ताई येईल त्या बाईला सांगत.

मुलांचे फोन हा त्यांचा खास विषय. अनोळखी माणसाशी बोलू देऊ नका, पासवर्ड आपल्याकडे ठेवा, पोरांवर विश्वास आणि फोनवर विश्वास यांत गल्लत करू नका. लेकीचा फोन त्या रोज हातात घेऊन, भाजी निवडावी तसा वरपासून खालपर्यंत बघत. काही वावगं दिसलं तर फोन जप्त, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. चोर बाहेरून येतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

शाळेच्या कार्यक्रमात लेक एकटी कविता म्हणणार होती. आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकं गेल्यावर तिने पडदा ओढला, स्वतःच खुर्चीत येऊन बसली आणि ओठावर बोट ठेवून हळूच म्हणाली, हे काढशील का? ताईंना भरून आलं. काल-परवापर्यंत केस विंचरून घेताना पळणारी ही पोर! त्यांनी टॉवेल बांधला, तुला फरक दाखवते म्हणून आधी एक फोटो काढला, मग दोरा चालवला, मग दुसरा फोटो. कातडी कोवळी, पण ना लाली, ना खूण. चौकात नुकतंच काचेच्या दारांचं नवं पार्लर झालं होतं आणि ताईंची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. दाखवावं जरा त्यांना हात कसा असतो, या भरात ताईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पेजवर टाकले. इतके अंगठे त्यांच्या पेजला कधी मिळाले नव्हते. त्या मोजत बसल्या, आणि लेक समोर बसून ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती मंचावर गेली. मागच्या रांगांत खसखस पिकली. लेक दोन ओळी म्हणून थांबली ती थांबलीच. ताई पहिल्या रांगेत होत्या; पोरगी घाबरली, असं त्यांनी आजूबाजूच्यांना सांगून टाकलं.

त्यानंतर लेक बोलताना तोंडावर हात धरायला लागली. दात दुखतो का, म्हणून ताईंनी विचारलं, नाही म्हणाली. जेवण अर्धं टाकायला लागली. एके दिवशी फोन तपासताना दिसलं की ती वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडली आहे आणि मागचं सगळं पुसून टाकलंय. आगीशिवाय धूर निघत नाही. ताईंनी मनात एक मुलगा उभा केला, त्याला मिशाही काढल्या, आणि लेकीला फैलावर घेतलं. ती एक अक्षर बोलली नाही. ताईंनी फोन काढून आपल्या पर्समध्ये टाकला आणि पुढचे काही दिवस गिऱ्हाइकांना वेळीच लक्ष घातल्याची गोष्ट सांगितली.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाईंनी दोघींना रिकाम्या वर्गात बसवलं. ताई पहिल्या बाकावर कशाबशा मावल्या. बाईंनी सांगितलं की काही मुलांनी ग्रुपवर एक फोटो फिरवला होता. मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणं झालंय, तिथून तो काढलाही आहे, पण तुम्ही पाहिलेला बरा. त्यांनी आपला फोन पुढे केला.

फोटो अर्धाच होता. नंतरचा कापून टाकलेला, फक्त आधीचा, तोही मोठा करून. खाली लिहिलेलं, 'काका, दाढी कधी?' ताईंचं डोकं भडकलं. कुणी केलं, कुणाची पोरं, एकेकाचा कान धरते, असं सगळं जिभेवर आलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यात त्यांना गुलाबी टॉवेल दिसला. जळकी कड आणि ती सावरून धरलेला त्यांचाच अंगठा.

लाजेने माणूस लाल होतो म्हणतात. ताई पांढऱ्या पडल्या.

बाई बोलत होत्या. "हा फोटो मीच गंमत म्हणून टाकला, असं ही सांगते. या वयात कळत नाही पोरांना. घरी थोडं लक्ष ठेवा."

ताईंनी लेकीकडे पाहिलं. ती बाकाकडे बघत होती, हात तोंडावर. एक वाक्य बोलायचं होतं, फार मोठंही नव्हतं. आणि सगळ्या गल्लीला वाक्यं पुरवणाऱ्या ताईंच्या तोंडून निघालं ते असं, "हो बाई. फोन काढूनच घेतलाय मी तिचा."

छान केलंत, बाई म्हणाल्या.

दोघी फाटकाबाहेर पडल्या. ताईंना स्वतःची किळस आली होती. आपली चूक लेकीच्या डोक्यावर ठेवून वर शाबासकी घेऊन त्या निघाल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, खोटं का सांगितलंस?

"तू सगळ्यांना फोनचं शिकवतेस ना," लेक म्हणाली. "मग तुला काय म्हणाल्या असत्या त्या? आणि काकू लोकांना कळलं असतं तर कोण आलं असतं आपल्याकडे?"

"मला तरी सांगायचं होतंस."

"फोन काढून घेतला असतास." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "घेतलासच."

मग थोडं थोडं करत तिने सांगितलं. तिची बाकावरची मैत्रीण तिच्याबरोबरच ग्रुपमधून बाहेर पडली होती. बाईंनी एकदा वर्गात शिकवलं होतं की कुणी त्रास दिला तर भांडत बसू नका, पुरावा ठेवा, मोठ्यांना सांगा. म्हणून तिने एकूण एक मेसेजचे फोटो मैत्रिणीच्या फोनवर ठेवले, स्वतःच्या फोनवरून पुसले, कारण तो आई तपासते, आणि एकटीच जाऊन बाईंना भेटली. ताई ऐकत होत्या. पोरीने सगळं बरोबर केलं होतं, फक्त त्या सगळ्यात आईला कुठे जागा ठेवली नव्हती. मोठ्यांना सांगायचं म्हटल्यावर तिला आई आठवली नाही, ती ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्या यादीत गेली.

"फेशियलला येणाऱ्या काकूंना दोनदा विचारतेस," लेक म्हणाली. "मला फक्त म्हणालीस, फरक दाखवते."

ताई रस्त्यातच थांबल्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी हलल्या नाहीत. आता सरळ परत फिरावं आणि सांगून टाकावं, असं मनात आलं, पाय वळलेही. मग त्यांनी ते आवरले.

"मी जाऊन बाईंना खरं सांगू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. हे त्यांना फारसं जमत नसे.

लेकीने बराच विचार केला. "सांग," ती म्हणाली. "पण मी पण येते. मघासारखी गप्प बसलीस तर कळायला हवं मला."

बाई अजून वर्गातच होत्या, वह्या आवरत. ताई या वेळी बाकावर बसल्या नाहीत. फोटो मी टाकला, त्या म्हणाल्या, जाहिरातीसाठी, हिला न विचारता, आणि मघाशी तुम्ही हिला बोललात तेव्हा मी ऐकून घेतलं. बाईंनी वह्या खाली ठेवल्या. त्या रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या पेजवरून काढलात का तो?"

नव्हता काढला. ग्रुपवरून गेला होता, त्या मुलांच्या फोनवरून गेला होता, आणि जिथून निघाला तिथे अजून अंगठे गोळा करत बसला होता. ताईंनी घाईघाईने पर्स उघडली. लेकीचा फोन तिच्या हातात दिला, मग आपलाही दिला. तूच काढ, म्हणाल्या.

लेकीने फोटो शोधला आणि काढून टाकला. फोन मात्र लगेच परत दिला नाही. बोटाने ती खाली खाली जात राहिली, आणि एका ठिकाणी थांबली. समोरच्या घरातला धाकटा, पहिल्यांदा केस कापताना, तोंड वासून रडणारा. त्याच्या खाली पन्नास जणींनी हसून ठेवलेलं.

"याला विचारलं होतंस?"

"त्याच्या आईला विचारलं होतं," ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज उतरला.

लेकीने फोन तसाच उघडा त्यांच्या हातात ठेवला. पोर गळा काढून रडत होतं, आणि त्याच्या गळ्याभोवती तोच गुलाबी टॉवेल होता.