गार पाण्याची दाढी

सुभाष पडवळ यांच्या दाढीची ख्याती आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, कारण ते स्वतःच ती सांगत फिरायचे. सकाळी केलेली दाढी दुपारी पुन्हा हिरवट दिसायची, आणि केस काथ्यासारखे राठ. "येरागबाळ्याचं काम नाही हे," असं ते गालावरून हात फिरवत म्हणायचे. जणू दाढी उगवणं हासुद्धा यांचाच पराक्रम.

परळची खोली विकून ते शांती नगरात आले ते मोठ्या साहेबाच्या तोऱ्यात. होते एका गोदामात हेडक्लार्क. तिथे ऐकायला चार माणसं होती, घरी एक अनसूयाबाई. रोज सकाळी बाईंनी कढत पाण्याचा तांब्या आणून ठेवायचा, टॉवेल त्यात बुडवून, पिळून द्यायचा. तो गालावर ठेवून केस मऊ करायचे, मग ब्रशने फेस, मग वरून खाली रेझर. उलटा कधीच नाही. पाणी जरा कोमट निघालं की तांब्या भिंतीवर. एकदा तो अनसूयाबाईंच्या कपाळाला लागला. खोक पडली. "मध्ये कशाला उभी राहिलीस?" असं म्हणून त्यांनी उरलेली दाढी पूर्ण केली.

दोन वर्षांपूर्वी पडवळांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान, अक्कल आणि दाढी तेवढी शाबूत राहिली.

अनसूयाबाई त्यांची दाढी घरीच करू लागल्या, आणि ती गार पाण्याने. नळाचं पाणी गालावर थापटायचं, अंगाच्या साबणाची वडी फिरवायची आणि हनुवटीपासून वर, केसांच्या उलट रेझर ओढायचा. ब्लेड बोथट झालं तरी बदलायचं नाही. शिवाय बाईंना एकदम धर्म आठवला. सोमवारी दाढी करू नये, शनिवारी करू नये, एकादशीला नको, अमावस्येला तर नकोच. नोकरीत असताना पडवळांनी एक वार पाळला नव्हता आणि बाईंनीही कधी हटकलं नव्हतं. आता त्या कॅलेंडर बघून दाढी वाढू द्यायच्या आणि चांगली टोचरी झाली की रेझर हातात घ्यायच्या. पडवळांचा डावा हात वर यायला लागला की तो गुडघ्याखाली दाबून ठेवायच्या.

समोरच्या गुजराती भाभी दारातून बघून हात जोडायच्या. "अनसूयाबेन, ऐसी सेवा आजकल कौन करता है! देखो, भाईसाहब की आँखें भर आईं!"

मी शेजारची, रोज जाणारी-येणारी; मला सगळं दिसत होतं. मला पडवळांची दया आली नाही. खरं सांगते, थोडं बरंच वाटलं.

पडवळांची सगळी आशा होती लेकीवर. मृणालिनी नाशिकला दिलेली. "ती माझी आहे, आईची नाही," असं ते धडधाकट असताना चारचौघांत सांगायचे. तिचं नाव निघालं की त्यांची नजर दाराकडे जायची. लेक येईल, न्हावी बोलावेल, निदान पाणी तरी तापवेल.

ती आली एका रविवारी सकाळी. शुक्रवारी एकादशी, नंतर शनिवार, त्यामुळे दाढी भरपूर वाढलेली. मी त्यांच्याकडेच कोथिंबीर निवडत बसले होते. एक गाल झाला होता. मृणालिनीने बॅग ठेवली आणि बापाजवळ गेली. पडवळांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, तिची बोटं ओढून तांब्यात बुडवली आणि घशातून कसलेसे आवाज काढायला लागले. तिने त्यांचा गाल उजेडाकडे वळवला. सगळा लालभडक सोललेला.

"आई, पाणी गार आहे."

"हो," अनसूयाबाई म्हणाल्या.

मृणालिनी मग माझ्याशी बोलायला लागली, बाप मध्ये नसल्यासारखी. "मावशी, पाहुणे आले की बाबा मला मांडीवर घ्यायचे आणि संध्याकाळची दाढी गालावर घासायचे. मी रडले की आणखी जोरात. पाहुणे हसायचे. आई म्हणायची, सोडा हो तिला, की आईला थोबाडीत."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग पाणी खळखळल्याचा. पडवळांचा चेहरा उजळला. त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि सलूनच्या खुर्चीत बसल्यासारखा गळा पुढे केला.

मृणालिनी ट्रे घेऊन आली. त्यात तीन कप चहा होता.

"आई, तू आधी चहा घे, दमली असशील," ती म्हणाली. "राहिलेला गाल मी करते."

तिने स्वतःचा कप सावकाश संपवला, रेझर गार पाण्यात बुडवला आणि हनुवटीखालून वर ओढला. पडवळांनी डोळे उघडले. आधी लेकीकडे बघितलं, मग बायकोकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"आलं छान उतरलंय गं चहात," मी म्हटलं.