सत्ती, दुर्री आणि विहीणबाई

अमरावती ते अकोला या पट्ट्यात माझ्या विहीणबाईंइतकं नाकारणारं माणूस आजवर झालं नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. वकिलाची बायको, आता एकटी, मुक्काम अकोला. बाजारात संत्री घ्यायला गेल्या की अर्धी गाडी उलथीपालथी करून तीन संत्री निवडतात आणि त्यातलं एक परत ठेवतात. एकदा आम्ही दोघी बडनेऱ्याहून अकोल्याला निघालो होतो. पहिल्या गाडीत खिडकी नव्हती, सोडली. दुसरीत खिडकी होती पण उन्हाची, सोडली. तिसरीत समोर बसलेला माणूस जोरात शिंकला, तीही सोडली. मी फलाटावर डबा उघडून पोळीभाजी खाल्ली आणि मनात म्हटलं, या बाईंनी अकरा मुली नाकारून बारावी माझीच लेक कशी काय पसंत केली?

मी याच्या अगदी उलट. एकोणिसाव्या वर्षी पहिलंच स्थळ आलं. मुलगा दाराशी चपला काढताना अडखळला, मला त्याची दया आली आणि मी 'हो' म्हणून टाकलं. त्या एका दयेवर पन्नास वर्षं संसार केला. शिवणाचा क्लास, सतारीचा क्लास, मेणबत्त्यांचा क्लास, कोणी नुसतं विचारलं की मी नाव घालून मोकळी. सतारीच्या मास्तरांनी दोन महिन्यांत स्वतःहून बदली मागून घेतली. इतकी बावळट पोरगी आज माझ्या पुढ्यात आली तर तिला मी समोर बसवून पोटभर हसेन.

तर या बाई एकदा घसरल्या, पाय प्लास्टरात, महिनाभर लेकाकडे अमरावतीला. आमच्या दोघींच्या नातीनं त्यांना पोकर शिकवलं. मी भेटायला गेले तर देवघराशेजारी पत्त्यांचा डाव! मी गारच पडले. म्हटलं, "अहो, जुगार?" त्या म्हणाल्या, "चिंचोक्याचा कायचा जुगार? बसा गुमान." मग त्यांनी मलाही शिकवलं. हातात दोनच पानं, ती आपली आपण बघायची. मध्ये पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचं चांगलं जुळेल तो सगळ्यांनी लावलेले चिंचोके जिंकला. पण मधली पानं उघडायच्या आधीच ठरवायचं, ही दोन घेऊन खेळायचं की टाकून द्यायची.

आणि टाकून देणं म्हटल्यावर विहीणबाईंना काय हो! हा खेळ जणू त्यांच्यासाठीच कोणीतरी बसून काढला होता. पानं उचलायच्या, एक नजर, की टाकली. दहातले नऊ हात टाकायच्या आणि दहावा आमच्या छातीवर आणून ठेवायच्या. मला बदामची राणी दिसली की मी खूश, तिच्यासोबत पंजी आहे की छक्की, कोण बघतं! "तुमी सारेच पानं काऊन ठेवून राहिल्या?" त्या ओरडायच्या. "ते राणी काय तुमची मावशी हाय? जोडी पाहा, रंग पाहा, जवळजवळचे पानं हायेत का ते पाहा." त्यात आणखी एक बारकावा. ज्याला शेवटी बोलायचं असतं त्यानं जरा कच्ची पानं ठेवली तरी चालतात, कारण तोवर बाकीच्यांचं पोटातलं ओठावर आलेलं असतं. पण दोन रंगांची सत्ती आणि दुर्री आली तर काय वाट्टेल ते होवो, टाकायची. "याच्याहून वाईट हात नाही. लहान पानं, रंग जुळत नाही, एकमेकाईच्या जवळ बी येत नाहीत. ब्रह्मदेव आला तरी ठेवायचा नाही!"

प्लास्टर निघालं आणि त्या परत अकोल्याला. मग महिन्यातून एकदा अमरावतीला आमच्याकडे डाव. जावई दर वेळी तेच म्हणायचे, "आई, आता इकडेच राहा." त्या दर वेळी तेच म्हणायच्या, "मी काऊन येऊ? माह्ये हातपाय चालून राहिले." गेल्या दिवाळीनंतर जावई वैतागले. म्हणाले, "चल, आज डावावरच ठरवू. तुझे चिंचोके संपले तर तू यायचं. तू जिंकलीस तर मी जन्मात हा विषय काढणार नाही." मला वाटलं, या हसून उडवतील. तर म्हणाल्या, "मंजूर." 

दुपारभर खेळलो. चिंचोके संपून लेक बाद झाली, जावई बाद झाले, उरलो आम्ही दोघी, ढीग जवळपास सारखे. त्या नेहमीप्रमाणे टाकत होत्या, थांबत होत्या; जावयाचा चेहरा उतरत चालला होता. मग एक हात आला. विहीणबाईंनी पानं पाहिली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिली. आणि अख्खा ढीग पुढे सारला.  दोन एक्क्यांशिवाय या बाईंनी असं कधी केलं नव्हतं! पण माझ्याकडे राणी होती आणि मी म्हणजे मीच. मीही सारे चिंचोके सारले. मधली पाच पानं उघडली, त्यात आणखी एक राणी निघाली, माझी जोडी जमली. त्यांनी आपली पानं उलटी केली. चौकटची सत्ती. किलवरची दुर्री.

जावयानं आनंदानं आईला मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "सत्ती मले एक्का दिसली बाप्पा. डोयेच गेले आता. हरली, त यावं लागते."  मोतीबिंदू काढल्यापासून या बाईंना समोरच्या गच्चीवरच्या पापडातले जिरे मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी सामान आणायला आम्ही दोघी अकोल्याला गेलो. अंगणात त्यांच्या लाडक्या कढीपत्त्याची कुंडी नव्हती. ती शेजारच्या शबानाबाईंच्या ओट्यावर. मी विचारलं तर शबानाबाई विहीणबाईंकडे बोट करून म्हणाल्या, "खाला तो आठ दिन पहलेच दे गई. बोली, अब पानी कौन डालेगा." मी गर्रकन वळले. विहीणबाई कुलूप लावण्यात फार गुंतल्या होत्या. "काय पाहून राहिल्या? चला, गाडी चुकन."

फलाटावर पहिलीच गाडी आली, दारापर्यंत भरलेली. मी सवयीनं बाकड्यावर बसले, डब्याला हात घातला. तर बाई पिशवी घेऊन गाडीत चढल्यासुद्धा! खिडकी नाही, जागा नाही, शिवाय कोणाचं तरी पोतं पायाशी. बडनेऱ्यापर्यंत त्या उभ्याच होत्या.  गाडीला हिसका बसला की त्या माझा दंड धरायच्या, आणि हिसका संपला तरी सोडायच्या नाहीत.