शेख सरांची आठवी संख्या

शेख सरांवर मी लिहिणं हा आगाऊपणाच आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी लोक मोठे झाले. मी फक्त त्यांच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवयही नाही. चुकलं तर वाचकांनी माफ करावं... सरांनी केलं नसतं.

कसबा पेठेत त्यांच्या दारावर नावाच्या जागी पाटी होती : '३३३३३३३३१. ही संख्या मूळ आहे. शंका असल्यास चार ते पाच या वेळेत यावे. शंका असल्यासच.' मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी आधी माझा मोबाईल नंबर विचारला. ऐकून म्हणाले, "शेवटी पाच. म्हणजे पाचाने भाग जातो. असू दे, राहा."

पाटीची हकिकत त्यांनीच सांगितली. ३१ मूळ, ३३१ मूळ, ३३३१ मूळ... असा एकेक तीन वाढवत त्यांनी सात संख्या हाताने तपासल्या. सातही मूळ निघाल्या. आठवी मात्र न तपासताच रंगाऱ्याकडे गेली. "सात भाऊ सरळ निघाले, मग आठव्याचा दाखला कोण मागतो?"

एकदा किल्ली विसरलो म्हणून पायरीवर बसलो होतो. समोर पाटी. सहज भागत सुटलो. सात, अकरा, तेरा नाही... सतराने पूर्ण भाग गेला! हे सांगितलं आणि सर चिडले तर? एवढ्या कमी भाड्यात पुण्यात दुसरी खोली मिळणार नव्हती, आणि खोली गेली की कॉलेजही सुटणार. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "ज्याच्या घरात ऱ्हातो त्याची चूक काढू नगं." पण ती पाटी रोज येता-जाता दिसायची. शेवटी एक दिवस चार वाजता गेलोच.

"सर, शंका आहे."

सर खुर्चीत सावरून बसले. या कामासाठी आजवर कोणी आलंच नव्हतं. "या, बसा," म्हणाले. एरवी मला अरे-तुरे करायचे.

"सतराने भाग जातो, सर."

त्यांनी कागदावर भागाकार मांडला. १९६०७८४३, बाकी शून्य. उलटं गुणूनही पाहिलं, मग म्हणाले, "सतरा! एखाद्या मोठ्या संख्येने भाग गेला असता तर अब्रू तरी राहिली असती. सतरा म्हणजे गल्लीतलाच!"

आतून चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, मग आता तरी नाव लावा. पोस्टमन कंटाळलाय."

"पाटी उतरणार नाही. दुरुस्त होईल."

माझ्या खोलीचं काय, हे विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टीला गावी गेलो. आमच्या वस्तीवर रेंज नसते. परतताना एकच धाकधूक, सामान बाहेर तर ठेवलं नसेल?

दारावर ताजा रंग होता : '३३३३३३३३१. ही संख्या मूळ नाही. सतराने भाग जातो. शंका असल्यास मागच्या खोलीत संतोष यांना भेटावे. चार ते पाच.'

'यांना' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. चार वाजतच आले होते. हसत हसत आत शिरलो. सरांची खुर्ची रिकामी होती. चाची बाहेर आल्या.

"किती फोन लावले रे तुला... पाटी लागली, त्यांनी रस्त्यात उभं राहून ती वाचली, खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत. तुझे सर गेले, संतोष."